पहिला नियम जावयाचा

अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत, कापडाच्या रंगांना लागणारी केमिकल्स बनवणाऱ्या एका कारखान्यात मी नव्वदच्या दशकाच्या शेवटाशेवटाला नोकरीला होते. नेमणुकीच्या कागदावर हुद्दा चांगला लांबलचक होता, पण वॉचमनपासून शेठपर्यंत सगळे मला 'कॉम्प्युटरवाली' म्हणायचे. प्रिंटरमध्ये कागद अडकला, बोलवा कॉम्प्युटरवालीला. माऊस हलत नाही, बोलवा. एकदा अकाउंट्समधल्या पंख्याचं बटण गेलं तेव्हाही मलाच बोलावलं. मी म्हटलं, "पंखा कॉम्प्युटर आहे का हो?" तर म्हणे, "विजेवरच चालतो ना!" अशा माणसांच्या नेटवर्कला मला फायरवॉल बसवायची होती.

मी बदलापूरची. वडील काडेपेट्यांच्या कारखान्यातून रिटायर झालेले. घरात भिंतीवर बुद्धाची तसबीर, तिच्याखाली वडिलांचा रेडिओ, आणि पोरींनी शिकलंच पाहिजे हा एकच हट्ट. माझं डोकं लवकर तापायचं, आई म्हणायची हिच्या नाकावरच राग बसलेला असतो. बी.कॉम. झाल्यावर मी उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये कॉम्प्युटरचा क्लास लावला. खाली शिलाईची मशीनं धडधडायची आणि वर पोटमाळ्यावर आमचा क्लास. सर सिंधी होते. मराठी, हिंदी आणि सिंधी असं सगळं एकाच वाक्यात घालून शिकवायचे, आणि तरी जे शिकवलं ते आजपर्यंत डोक्यातून गेलेलं नाही.

नेटवर्कवर काय चालतं ते सरांनी पोस्टाचं उदाहरण देऊन सांगितलं होतं. पोस्टाची इमारत एकच, पण आत खिडक्या वेगळ्या. तिकिटांची एक, मनीऑर्डरची एक, पार्सलांची एक. कॉम्प्युटरचंही तसंच. त्याला पत्ता एक, पण येणाऱ्या-जाणाऱ्या कामाला नंबराच्या खिडक्या, त्यांना म्हणायचं पोर्ट. ईमेल पंचवीस नंबरावर येतो, फायलींची ने-आण एकवीसवर, दूर बसून दुसऱ्याचं मशीन चालवायचं तर तेवीसवर. फायरवॉल म्हणजे या खिडक्यांसमोर बसवलेला पहारेकरी. त्याला आपण एकाखाली एक नियम लिहून द्यायचे. तो वरून वाचायला सुरुवात करतो आणि जो नियम पहिला लागू पडेल तो अमलात आणून मोकळा होतो. खाली काय लिहिलंय ते मग बघतसुद्धा नाही. सर बजावायचे, "बेटा, पहिले सब बंद. मग एक-एक खोल. जे खोललं त्याचं कारण तोंडपाठ पाहिजे. कारण नाही सांगता आलं तर बंद कर."

कारखान्यात हे सगळं करायची वेळ आली ती परदेशातल्या गिऱ्हाइकांमुळे. त्यांना फॅक्स नको झाला, ईमेल हवा झाला. टेलिफोन खात्याकडून खास लाइन घेतली. ती सतत चालू राहणार होती, म्हणजे बाहेरच्या जगाला आमचा पत्ता सतत दिसणार होता. मी मॅनेजरसाहेबांच्या मागे लागून एक जुनं, अडगळीत टाकलेलं मशीन मागून घेतलं, त्याच्यावर लिनक्स चढवलं आणि नियम लिहायला बसले. सगळं बंद. मग पंचवीस उघडा, कारण ईमेल. वेबसाइट बघायला आतून बाहेर जाणारं ऐंशी उघडा, तेही फक्त मॅनेजर आणि विक्री खात्याला. शेवटचा नियम, बाकी कुणालाही नाही. इतका नेटका कागद झाला होता की मी तो घरी नेऊन वडिलांना दाखवला. त्यांना त्यातलं ओ की ठो कळलं नाही, पण चष्मा लावून शेवटपर्यंत वाचला बिचाऱ्यांनी.

मग जावई आले.

शेठच्या जावयाचं उल्हासनगर कॅम्प दोनच्या बाजारात कॉम्प्युटरचं दुकान होतं. आमच्या कारखान्यातली झाडून सगळी मशीनं तिथूनच आलेली. सगळ्यांची लॉगिनं त्यांनीच करून दिलेली, आणि सगळ्यांना पासवर्ड एकच, दुकानाचं नाव. मी बदलायला निघाले तर म्हणाले, "बदलू नका मॅडम, माझ्या लक्षात राहत नाही." आणि आता त्यांना दुकानात बसून आमच्या मशीनांची देखभाल करायची होती. म्हणजे बाहेरून आत यायचं होतं. मी म्हटलं, ठीक आहे, तुमच्या दुकानाचा पत्ता द्या, तेवढ्या पत्त्याला एक पोर्ट उघडते. तर दुकानाचा पत्ता ठरलेला नाही! फोन लावून इंटरनेटला जोडायचं, दर वेळी नवीन पत्ता मिळणार. कुठली पोर्ट हवीत? "सगळीच ठेवा. कधी काय लागेल काय सांगता येतं?"

म्हणजे काय झालं बघा. पत्ता कुठलाही चालेल आणि पोर्ट कुठलंही चालेल. पहारेकऱ्याला सांगायचं की बाबा रे, जगातून कुणीही आलं तरी सोड, न जाणो जावईच असायचे. मी डोक्याला हात लावला. मॅनेजरसाहेबांना समजावलं, चित्र काढून दाखवलं. ते म्हणाले, "अगं, मला कळतंय तू काय म्हणतेस ते. पण शेठचे जावई आहेत ते. त्यांना काय दारात थांबवून नाव-गाव विचारायचं?" शेठकडे गेले. शेठ हसले. "जावयाला कुणी अडवतं का, बेटी? आपल्यात असं करतात का?" आणि खरंच, आपल्यात असं करत नाहीत. मोठमोठी माणसं जावयासमोर नमतात, सासरा वयाने वडिलांसारखा असून खुर्चीवरून उठून उभा राहतो. पण त्या पहारेकऱ्याला कुठलं सासर आणि कुठला जावई! मी तो नियम सगळ्यात वर लिहिला, कारण खाली लिहिला असता तर जावयांना अडायला झालं असतं. फक्त त्याला एक शेपूट जोडलं, की या नियमातून जो जो आत येईल त्याची वेळ आणि पत्ता टिपून ठेव. रागानेच जोडलं. माझ्या खालच्या सगळ्या नेटक्या नियमांना आता काडीचा अर्थ उरला नव्हता.

लॅबमध्ये एक केमिस्ट होती, मी तिला ताई म्हणायचे. पस्तिशी उलटलेली, लग्न न केलेली, वांगणीची. वडिलांची भातशेती. गावातून सायन्सला गेलेली ती पहिली पोर, त्यामुळे वांगणीत तिला सगळे 'कंपनीतली केमिस्ट' म्हणून ओळखायचे आणि तिचे वडील ते शब्द असे उच्चारायचे की ऐकणाऱ्याला वाटावं कंपनीच हिची आहे. आमच्याकडे कंत्राटावर काम करणारे निम्मे लोक वांगणीचे, तिच्या शब्दावर लागलेले. कामात भयंकर कडक. काचेचं भांडं कुणी नीट विसळलं नाही तर त्याच्या सात पिढ्या काढायची. पण डबा उघडला की पहिला घास माझ्या ताटलीत. माझी आणि तिची गट्टी जमली ती आम्हा दोघींनाही कुणाचं ऐकून घ्यायची सवय नव्हती म्हणून असेल.

आमच्या कारखान्यातला एक माल वारंवार बिघडायचा. रिअ‍ॅक्टरमध्ये म्हणजे माल शिजवायच्या मोठ्या भांड्यात, रंग काळपट पडायचा आणि अख्खा घाणा ओतून द्यावा लागायचा. ताईने त्याचा पिच्छा पुरवला. कितीतरी महिने छोट्या भांड्यांत करून बघितलं, अ‍ॅसिड किती सावकाश सोडायचं, थंड किती ठेवायचं, मध्ये कुठे थांबायचं. आणि जमलं तिला. माल असा पिवळाधमक निघाला की शेठ स्वतः लॅबमध्ये येऊन बघून गेले. ती सगळी कृती ताईने लॅबच्या कॉम्प्युटरवर लिहून सर्व्हरवर, म्हणजे सगळ्या खात्यांच्या फायली राहायच्या त्या मशीनवर, ठेवली. दसऱ्याच्या पूजेला, मशीनांना झेंडू वाहून झाल्यावर, शेठने सगळ्यांसमोर जाहीर केलं की जुने इन-चार्ज रिटायर झाले की लॅब ताईंकडे. ताईने त्या दिवशी मला जबरदस्तीने पेढे भरवले. मला पेढे आवडत नाहीत हे तिला माहीत असून.

मग पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडाला विक्रीवाले गुजरातेतून परत आले ते तोंड पाडून. तिकडच्या एका कारखान्याने आमचाच माल बाजारात आणला होता, आमच्यासारखाच पिवळाधमक. त्यांच्या कुणा माणसाकडून विक्रीवाल्यांनी कृतीचा कागद मिळवला होता. तो कागद ताईचाच. पायरीन् पायरी तीच. आमच्या रिअ‍ॅक्टरचा नंबरसुद्धा त्यात तसाच होता! चोराने तेवढं बदलायचेही कष्ट घेतले नव्हते.

मॅनेजरसाहेबांनी मला बोलावून विचारलं, ही फाइल कुणी काढली ते कॉम्प्युटर सांगतो का? मी सर्व्हरवर बघितलं. कॉपी काढल्याची नोंद होती, लॅबच्या लॉगिनवरून. मी म्हटलं, "थांबा, लॉगिन लॅबचं असलं तरी पासवर्ड गावभर आहे, मला फायरवॉलची नोंद बघू द्या." पण साहेबांनी पहिलंच वाक्य ऐकलं होतं. लॅबचं लॉगिन म्हणजे ताई. संध्याकाळपर्यंत तिला सांगून टाकलं की चौकशी होईस्तोवर लॅबमध्ये जायचं नाही, टाइम ऑफिसच्या बाहेर जो बाक आहे त्याच्यावर बसून राहायचं.

तो बाक कुठे होता ते सांगते. पंचिंग मशीनच्या समोर. येणाराजाणारा प्रत्येक माणूस कार्ड पंच करायला तिथे थांबायचा, आणि समोर ताई. तिच्या गावचे लोक, तिच्या शब्दावर लागलेले, कार्ड पंच करायचे आणि खाली बघून निघून जायचे. काही जण तर तिला बघून आधी थबकायचे. ताई ताठ बसायची, पर्स मांडीवर. मी चहा घेऊन गेले तर म्हणाली, "मना काय ते सरळ सांग. माझ्यावर चोरीचं नाव आलंय ना?" गावची बोली ती कधी कंपनीत बोलायची नाही. मी म्हटलं, "हो." मला रडू येत होतं आणि राग त्याच्याहून जास्त येत होता. ती म्हणाली, "नोकरी जाईल याचं काही नाही गं. दुसरी बघीन. पण वांगणीत हे माझ्याआधी पोचेल. बाबांना कुणीतरी नाक्यावर गाठून विचारेल, तुमच्या पोरीनं काय केलं म्हणून."

कँटीनमध्ये जिभा सैल सुटल्या होत्या. डिस्पॅचमधला एक जण मला ऐकू जाईल असं म्हणाला, "कोट्यातून आलेल्यांच्या हातात किल्ल्या दिल्या की असंच होणार. दोघींनी मिळूनच केलं असेल." मी ताट ठेवून त्याच्यापुढे जाऊन उभी राहिले. "खाजगी कंपनीत कुठला कोटा रे? तुला तुझ्या मामाने चिकटवला तो कुठल्या कोट्यातून?" सगळे हसले, तो लालबुंद झाला. मी परत येऊन ताटातलं सगळं संपवलं.

फायरवॉलच्या नोंदी मी त्याच दुपारी काढल्या. शोधायला फार वेळ लागला नाही. फाइल बाहेर गेली ती एकवीस नंबरच्या पोर्टवरून, बाहेरून आलेल्या माणसाने ओढून नेली. कुठल्या नियमातून आत आला? पहिल्या. आणि वार कोणता? शुक्रवार. आमच्या भागातल्या कारखान्यांना सुट्टी शुक्रवारी असते. लॅबला कुलूप, किल्ली सिक्युरिटीच्या पेटीत, कारखान्यात वॉचमन सोडून चिटपाखरू नाही, फक्त सर्व्हर आणि माझी फायरवॉल तेवढी चालू. ताई त्या शुक्रवारी वांगणीतच भावाच्या मुलीच्या बारशाला. तिच्या गावचे सगळेच तिथे जेवले होते.

बाहेरचा जो पत्ता होता तो फोनवरून इंटरनेट घेणाऱ्यांना फिरवून फिरवून मिळणाऱ्या पत्त्यांपैकी होता, आज याला, उद्या त्याला. स्वतः जावयांनी केलं, की त्यांच्या दुकानातल्या कुणी, की पासवर्ड कानावर पडलेल्या तिसऱ्याच कुणी, हे मला कळायला मार्ग नव्हता. आजही माहीत नाही, आणि उगाच कुणावर आळ घेणार नाही. टेलिफोन खात्याला विचारलं असतं तर त्या वेळी तो पत्ता कुठल्या फोनला दिला होता ते निघालं असतं. पण त्यासाठी पोलिसांत जावं लागलं असतं, आणि पोलीस सगळ्यात आधी कॅम्प दोनच्या दुकानात गेले असते.

नोंदी छापून होताच मी पहिला नियम पुसून टाकला. तासाभरात फोन. जावयांना आत शिरता येईना. त्यांनी सासऱ्याला सांगितलं, सासऱ्याने मॅनेजरला, आणि मॅनेजर माझ्या टेबलापाशी येऊन उभा. "उघड." मी म्हटलं, "साहेब, चोर याच दारातून आलाय." "तुला उघडायला सांगितलंय." उघडला मी. अडून बसले असते तर त्यांनी मला तिथून उठवलं असतं, जावयांना बोलावून तेच मशीन त्यांच्या ताब्यात दिलं असतं, आणि माझा छापील कागद खरा ठरवणाऱ्या आतल्या मूळ नोंदी त्याबरोबर गेल्या असत्या. ताईच्या बाजूने बोलणारं दुसरं काहीही जगात नव्हतं.

शेठनी ताईला आणि मला केबिनमध्ये बोलावलं. मॅनेजरसाहेब होतेच. शेठ वाईट माणूस नव्हते, हे मी मुद्दाम सांगते. एका कामगाराच्या अंगावर अ‍ॅसिड उडालं तेव्हा त्याला स्वतःच्या गाडीत घालून उल्हासनगरच्या दवाखान्यात नेणारे तेच. मी कागद पुढे ठेवला, एकेक ओळ समजावली. लॉगिन म्हणजे काय, पोर्ट म्हणजे काय, पहिला नियम कुणाचा. त्यांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. वाचून झाल्यावर चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"शुक्रवार," ते म्हणाले.

"हो. आणि लॅबची किल्ली सिक्युरिटीकडे."

ते ताईकडे वळले. "बेटी, मला माहीत आहे, तुम्ही नाही केलं. माझ्या मनात पहिल्यापासून हेच होतं."

माझं डोकंच सणकलं. "मग तिला बाकावर का बसवलंत?"

"तू गप्प बस," मॅनेजर म्हणाले.

शेठनी टेबलावरच्या काचेवरून माझा कागद बाजूला सरकवला. मग हळू आवाजात बोलायला लागले. "मुलगी आमच्याकडे आलीय बाळंतपणाला. आठवा चालू आहे. मी जावयाला हे विचारू? पोलीस पाठवू दुकानात? अहो, उद्या बाळ घेऊन ती त्या घरात परत कशी जाणार?"

"मग मी माझ्या घरात कशी जाऊ?" ताई म्हणाली.

शेठनी मॅनेजरकडे बघितलं आणि मॅनेजरने टाइप करून आणलेला राजीनामा पुढे सरकवला. म्हणजे तो आधीच तयार होता! मी एवढा घसा फोडून समजावत होते तेव्हा तो कागद त्यांच्या फायलीत पडलेला होता. शेठ म्हणाले, चांगलं सर्टिफिकेट देतो, ओळखीच्या कारखान्यात शब्द टाकतो, बदलापूरला, म्हणजे घरापासून जवळ पडेल. बाजारात सगळ्यांना कळलंय की चोरी झाली, कुणीतरी गेल्याशिवाय गिऱ्हाइकांचा विश्वास बसायचा नाही. हे सगळं ते अगदी मायेने सांगत होते. मला वाटलं ती काच उचलून फोडावी.

ताईने राजीनामा वाचला. मग म्हणाली, "शेठ, मी सही करते. मला तुमचं सर्टिफिकेटही नको. पण एक करा. आत्ता जेवणाची सुट्टी होईल. खाली कँटीनमध्ये या आणि सगळ्यांसमोर सांगा की मी चोरी केलेली नाही. कुणी केली ते नका सांगू, जावयांचं नाव नका घेऊ. फक्त मी केली नाही एवढं सांगा. माझ्या गावचे लोक आहेत तिथे. त्यांच्या कानावर ते तुमच्या तोंडून जायला हवं."

शेठचा चेहरा उजळला. एवढंच ना? ते उठून उभे राहिले, तिच्या डोक्यावर हात ठेवला, म्हणाले, "शब्द देतो." ताईने सही केली. मी तिला म्हणत होते, आधी त्यांना बोलू दे, मग सही कर. तर म्हणाली, "शब्द दिलाय ना त्यांनी."

शेठ कँटीनमध्ये कधी यायचे नाहीत. ते दारात दिसले तसे लोक घास हातात धरून उठायला लागले. शेठनी हातानेच बसायला सांगितलं. मॅनेजर एका बाजूला, ताई दुसऱ्या बाजूला. भिंतीकडच्या बाकांवर वांगणीचे सगळे. मी पाण्याच्या टाकीपाशी उभी होते. शेठनी सुरुवात छान केली. ताई किती वर्षं इथे आहेत, किती मेहनती आहेत, आपला माल त्यांच्यामुळे सुधारला. मी वाट बघत होते त्या एका वाक्याची. ताईही बघत होती, तिचे डोळे शेठच्या तोंडावरून हलत नव्हते.

"आता गेल्या काही दिवसांत जे झालं ते तुम्हाला ठाऊकच आहे," शेठ म्हणाले. "इन्सान आहे, होतं कधी कधी. जो हुआ सो हुआ. कंपनीच्या मनात ताईंबद्दल काही नाही. पोलीस नाही, केस नाही. ताई आपल्या मर्जीने जातायत, आणि आम्ही त्यांना मोठ्या मनाने माफ केलंय."

मॅनेजरने पहिली टाळी वाजवली, मग सगळ्यांनी. चांगल्या भरघोस टाळ्या. लोकांना खरंच बरं वाटलं होतं, एक नकोसं प्रकरण गोडीगुलाबीने मिटलं होतं. मी ओरडले, "माफ कशाबद्दल? शेठ, वर केबिनमध्ये काय म्हणालात तुम्ही?" पण टाळ्यांत आणि बाकांच्या आवाजात ते किती जणांना ऐकू गेलं देव जाणे. मॅनेजरने माझा दंड धरला. कुणीतरी म्हणालं, "शेठनी एवढं केलं तरी हिचं आपलं चालूच." शेठ ताईला हात जोडून निघून गेले. आपण शब्द पाळला असंच त्यांना वाटत असणार, इतक्या समाधानाने गेले. त्यांनी ते मुद्दाम केलं की त्यांना तेवढंच बोलता आलं, यावर मी कितीदा डोकं फोडून घेतलंय. मुद्दाम केलं असेल तर नीचपणा. नसेल केलं तर त्याहून वाईट, कारण मग त्यांना फरकच कळला नव्हता. मी दिवाळीच्या आत ती नोकरी सोडली. सोडताना बघितलं, पहिला नियम जावयाचाच होता.

त्या दुपारी ताईला सोडायला मी गेटपर्यंत गेले. तिचा डबा आणि अ‍ॅप्रन एका पिशवीत. वॉचमनने पिशवी उघडून बघितली. इतक्या वर्षांत त्याने तिची पिशवी कधी बघितली नव्हती. बाहेर रिक्षा उभी होती. तेवढ्यात मागून तिच्या गावचा एक माणूस धावत आला, भाऊकीतलाच, रिअ‍ॅक्टरवर काम करणारा, हाताला अजून पिवळा रंग. धापा टाकत तिच्यापुढे उभा राहिला. त्याचे डोळे भरून आले होते.

"ताई, तू अजिबात काळजी नको करू," तो म्हणाला. "शेठनी माफ केलाय ना, मग झाला. आमी सगल्यांनी ठरवलाय. गावात कुनाला नाय सांगनार. काकांना तर नायच नाय."

मी त्याच्यावर तोंड टाकणार तेवढ्यात ताईने माझं मनगट धरलं. ती त्याच्याकडे बघून हसली, खरोखर हसली, मान हलवली आणि रिक्षात बसली. "राहू दे गं," ती मला म्हणाली. "मनाने चांगला आहे तो."